कपाट रिकामं, टपाल शाबूत

मंडळी, काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मृग तोंडावर आलेला, शनिवारची संध्याकाळ. नांदेडला वजिराबादेतलं माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आवरत होतो आणि लातूरहून फोन आला. एका दाळ मिलच्या कचेरीत हिशेब पाहणारे मुनीमजी. वीस वर्षांची ओळख. आवाज पार बसलेला.

"सर, सगळे मेल गेले बगा. आठ दिवस झाले, मेल जाईना की येईना. पोरानं म्हटलं प्रोग्राम जुना झालाय, नवा टाकू. त्यानं टाकला. आता उघडलं तर सगळं कोरं. नवीन खातं उघडा म्हणतंय. तेरा वर्षांचे मेल होते हो."

"मालकांना सांगितलं का?"

"मालक तिरुपतीला गेलेत. सोमवारी सकाळी येणार. आणि सोमवारीच ती माणसं येणार."

ती माणसं म्हणजे तमिळनाडूचे एक खरेदीदार. तूरडाळीच्या दोन गाड्यांचं चौदा लाखांचं बिल त्यांनी अडवून धरलं होतं. भाव इतका ठरलाच नव्हता, असं त्यांचं म्हणणं. भाव ई-मेलवर ठरला, होकारही ई-मेलवर आला, असं मुनीमजींचं म्हणणं. आणि तो ई-मेल आता नव्हता.

मी त्यांना एवढंच सांगितलं, की कॉम्प्युटर आहे तसा बंद करा आणि मी येईपर्यंत कुणालाही हात लावू देऊ नका. भाच्याला तर अजिबात नाही.

हे सांगायला कारण आहे. कॉम्प्युटरमधली फाइल पुसली गेली तरी बहुतेक वेळा ती लगेच नाहीशी होत नाही. तिची जागा फक्त 'मोकळी' म्हणून नोंदवली जाते. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं, की मग ती खरोखर जाते. माणूस घाबरून जितक्या खटपटी करतो, तितकं नवं लिखाण जुन्यावर चढतं. हल्लीच्या एसएसडी डिस्क तर पुसलेली जागा स्वतःहूनच साफ करून ठेवतात, तिथं ही संधीही फारशी मिळत नाही.

शिवाय माझा एक जुना सल होता. २००४ मध्ये नांदेडच्या एका प्राध्यापकांचा कॉम्प्युटर माझ्याकडे आला होता. व्हायरसनं भरलेला. मी विचारलं, "सर, काय काय जपून ठेवू?" ते म्हणाले, "माय डॉक्युमेंट्समधलं सगळं." मी ते सीडीवर घेतलं आणि डिस्क फॉरमॅट केली. मशीन चकाचक झालं. दुसऱ्या दिवशी सर दुकानात आले आणि हळूच म्हणाले, "माझे मेल कुठं दिसत नाहीत." हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या कार्यकर्त्यांच्या आठवणी ते जमवत होते. त्या कार्यकर्त्यांची मुलं, नातवंडं पुण्याहून, अमेरिकेहून ई-मेलनं लिहून पाठवत. चार वर्षांचं ते सगळं आउटलुक एक्स्प्रेसमध्ये होतं. आणि आउटलुक एक्स्प्रेसच्या फाइली माय डॉक्युमेंट्समध्ये नसत. त्या एका लपवलेल्या फोल्डरच्या पोटात, त्याच्या पोटातल्या फोल्डरमध्ये असत. मला ते माहीत असायला हवं होतं. सर रागावले नाहीत. "असू द्या," म्हणाले आणि पैसे देऊन गेले. ते पैसे घेताना मला काय वाटलं ते सांगत बसत नाही.

रविवारी पहाटेची एसटी धरली. लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला पोचायला तीन-साडेतीन तास लागतात. त्या वेळात माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता. या कचेरीचे मेल मुळात राहतात कुठं?

हा प्रश्न शंभरातल्या नव्वद जणांना पडत नाही. ई-मेल म्हणजे पडद्यावर दिसतो तो, एवढंच आपण धरून चालतो. पण मोंढ्यातला व्यवहार डोळ्यांसमोर आणा. माल वखारीत असतो आणि आपण दुकानात बसून सौदा करतो. मेलसेवा देणाऱ्या कंपनीचा सर्व्हर ही वखार. आपल्या टेबलावरचा ई-मेलचा प्रोग्राम हे दुकान. आता वखारीतून माल आणायच्या दोन पद्धती आहेत. एकीत हमाल पोती उचलून दुकानात आणून टाकतो आणि वखार रिकामी होते. हिला पॉप म्हणतात. दुसरीत माल वखारीतच राहतो, दुकानात फक्त त्याची नोंद आणि हवी ती नक्कल येते. हिला आयमॅप म्हणतात. पॉपचा पहिला मसुदा १९८४ चा. आयमॅप १९८६ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन यांनी तयार केलं. म्हणजे दोन्ही पद्धती आपल्याकडे इंटरनेट येण्याआधीच्या.

आपल्याकडे विदेश संचार निगमनं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं ते १५ ऑगस्ट १९९५ ला. तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून जोडणी व्हायची आणि मिनिटांचे पैसे पडायचे. साहजिकच लोक जोडणी करत, सगळे मेल भराभर उतरवून घेत, तार तोडत आणि मग निवांत वाचत. त्या काळाला पॉप फार सोयीचं होतं. त्या काळात एकदा कुणीतरी बसवून दिलेली पद्धत कित्येक कचेऱ्यांत आजही तशीच चालू आहे. मशीन बदललं, विंडोज बदललं, पण जुन्या सेटिंगची चिठ्ठी पाहून नव्या मशीनवर तेच उतरवलं गेलं. आयमॅप असेल तर दुकान जळालं तरी माल वखारीत शाबूत. पॉप असेल तर दुकान गेलं की माल गेला.

लातूरला पोचलो. गंजगोलाईच्या जवळच कचेरी. मुनीमजी आणि त्यांचा भाचा दारातच उभे. पोरगा बारावीचा, चेहरा पडलेला. मी आधी कॉम्प्युटरला हातच लावला नाही. माझ्या मोबाइलवर ब्राउझर उघडून त्यांचं मेलखातं सरळ सर्व्हरवर पाहिलं. मंडळी, ही पहिली पायरी कधी चुकवू नका. ई-मेलचा प्रोग्राम बिघडला की आधी ब्राउझरमधून खातं उघडून पाहायचं. तिथं सगळं दिसलं, तर निम्मी चिंता मिटली. तिथं दिसलं ते असं, की अलीकडच्या तीनेक आठवड्यांचे मेल होते, त्याआधीचं काही नाही. म्हणजे पॉप. बऱ्याच प्रोग्रामांत पॉपचं खातं जोडताना मेल उतरवल्यावर चौदा दिवसांनी सर्व्हरवरून काढायचे, असं आपोआप ठरलेलं असतं. तसंच इथं झालं होतं. गेले आठ दिवस प्रोग्रामची आणि वखारीची गाठच पडली नव्हती, म्हणून आणखी आठवडाभराचा माल तिथं पडून होता, इतकंच. तेरा वर्षांचं टपाल असेल तर याच मशीनमध्ये, नाही तर कुठंच नाही.

तिथंच एक गोष्ट आणखी दिसली. सेवा देणाऱ्या कंपनीच्या सूचनांची रांग. 'अमुक तारखेपासून जुन्या पद्धतीनं लॉगिन चालणार नाही.' इंग्रजीत होत्या, जाहिरात समजून कुणी उघडल्याच नव्हत्या. म्हणजे मूळ दुखणं वेगळं होतं आणि पोरानं औषध भलतंच दिलं होतं.

आता प्रोग्रामकडे वळू. त्याचं नाव मी घेत नाही, कारण दोष त्याचा नव्हता आणि बहुतेक प्रोग्रामांची रचना सारखीच असते. त्याचे दोन भाग असतात. एक म्हणजे प्रोग्राम स्वतः, जो प्रोग्राम फाइल्समध्ये बसतो. दुसरा म्हणजे तुमचं प्रोफाइल. तुमची खाती, पत्ते, पासवर्ड आणि मेल हे सगळं त्यात असतं आणि ते अगदी वेगळ्या जागी ठेवलेलं असतं. दुकानाची पाटी आणि शटर एक, आतलं कपाट दुसरं. तुम्ही प्रोग्राम काढून टाकलात, नवा टाकलात, तरी साधारणपणे कपाटाला धक्का लागत नाही. पण नव्या प्रोग्रामला जुनं कपाट कुठं आहे हे कळलं नाही, तर तो आपलं नवं कोरं कपाट मांडतो आणि विचारतो, खातं उघडायचं का? माणूस म्हणतो, सगळं गेलं.

थंडरबर्ड नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम पुष्कळ लोक वापरतात. त्याच्या २०१९ मधल्या ६८ व्या आवृत्तीपासून प्रत्येक इन्स्टॉलेशनला स्वतंत्र प्रोफाइल देण्याची पद्धत आली. हेतू चांगला होता, दोन आवृत्त्या एकमेकींच्या पायात येऊ नयेत. पण जुनी ३२ बिटची आवृत्ती काढून ६४ बिटची दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकली, तर ती नवं प्रोफाइल उघडू शकते आणि जुनं शेजारीच पडून राहतं. आपल्याला शोधायचं असतं ते हे शेजारचं.

मी काय केलं, तर विंडोजचं बटण आणि आर दाबून जी खिडकी उघडते, तिथं टक्क्याचं चिन्ह, ॲपडेटा, पुन्हा टक्क्याचं चिन्ह असं टाइप केलं. लपलेला फोल्डर उघडला. आत त्या प्रोग्रामच्या नावाचा फोल्डर, त्यात प्रोफाइल्स. आणि तिथं दोन कपाटं होती. एकावर शनिवारची तारीख, आकार जेमतेम काही एमबी. दुसऱ्यावर शुक्रवारची तारीख, आकार सात जीबीच्या वर.

"हे काय आहे?" भाच्यानं विचारलं.

"हे तुमचं तेरा वर्षांचं टपाल," मी म्हटलं. मुनीमजी खुर्चीत बसले.

पण अजून काही उघडायचं नव्हतं. आधी नक्कल. ही माझी २००४ नंतरची अट आहे, सापडलेल्या मालाची दुसरी प्रत झाल्याशिवाय मूळ प्रतीला बोट लावायचं नाही. भाच्यानं सोळा जीबीचा पेनड्राइव्ह आणला. कॉपी सुरू केली आणि थोड्या वेळानं मशीन म्हणालं, फाइल फार मोठी आहे, मावत नाही. पोरगा चक्रावला. सोळात सात का मावू नयेत? याचं उत्तर पुष्कळांना ठाऊक नसतं. बहुतेक पेनड्राइव्ह फॅट-३२ नावाच्या जुन्या पद्धतीनं आखलेले असतात आणि त्या पद्धतीत एकेक फाइल चार जीबीपेक्षा मोठी ठेवताच येत नाही. रिकामी जागा कितीही असो. या कचेरीच्या इनबॉक्सची एकच फाइल पाच जीबीच्या वर गेली होती. पेनड्राइव्हमध्ये पोराचे शाळेच्या गॅदरिंगचे फोटो होते. ते आधी बाजूला काढले, पेनड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीनं नव्यानं आखला आणि मग कॉपी झाली. पाऊण तास गेला. तोवर चहा दोनदा झाला.

मग प्रोग्रामला सांगितलं, की कोरं कपाट सोड, हे जुनं घे. थंडरबर्डमध्ये यासाठी मदतीच्या मेन्यूत ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन म्हणून एक पान असतं, तिथून सगळ्या प्रोफाइलांची यादी उघडते आणि हवं ते कायमचं ठरवता येतं. आउटलुकमध्ये हेच काम कंट्रोल पॅनेलमधल्या मेल या खुणेतून होतं. इथं एक चूक हमखास होते. नवा प्रोग्राम नको, जुनाच बरा, म्हणून लोक जुनी आवृत्ती पुन्हा टाकतात. नव्या आवृत्तीनं एकदा उघडलेलं कपाट जुन्या आवृत्तीच्या हाती देणं धोक्याचं असतं, कारण आतली मांडणी बदललेली असू शकते. थंडरबर्ड तर तसं करू देत नाही, सरळ अडवतो. अशा वेळी मागं फिरायचं नसतं, पुढंच जायचं असतं.

प्रोग्राम उघडला. डावीकडे फोल्डर दिसले, पण यादी रिकामी! मुनीमजींनी माझ्याकडे असं पाहिलं, की विचारू नका. मी म्हटलं, थांबा. मेल एका फाइलीत असतात आणि त्यांची सूची दुसऱ्या. नवा प्रोग्राम जुनी सूची मानायला तयार नसला, तर तो सगळी फाइल पहिल्यापासून वाचून नवी सूची बनवतो. पाच जीबी वाचायला वेळ लागतो. वीसेक मिनिटांनी यादी दिसायला लागली. सूची स्वतःहून बनली नाही, तर थंडरबर्डमध्ये फोल्डरवर उजवं बटण दाबून प्रॉपर्टीजमध्ये 'रिपेअर फोल्डर' असतं. आउटलुकसोबत स्कॅनपीएसटी नावाचं दुरुस्तीचं हत्यार मिळतं. आउटलुकच्या २००२ पर्यंतच्या आवृत्त्यांत मेलची फाइल दोन जीबीच्या पुढं गेली की बिघडायची. २०१० पासून ती मर्यादा ५० जीबी झाली. पण मर्यादा वाढली म्हणून पोतं शिवण उसवेपर्यंत भरायचं नसतं. मी तर वर्षाचं वेगळं फोल्डर करायला सांगतो, रोकडवही वर्षाला बदलतो तसं.

खरेदीदाराचं नाव टाकून शोध घेतला. तो मेल सापडला. भाव, वजन, गाड्या, खाली 'कन्फर्म्ड' असा होकार. मुनीमजींनी मोठ्यानं वाचला आणि मध्येच थांबले. खाली आणखी एक ओळ होती, ओलावा ठरलेल्या प्रमाणापेक्षा जास्त निघाला तर भावात तूट. ही अट ते पार विसरले होते. सोमवारी तो कागद टेबलावर आला, तेव्हा दोन्ही बाजूंना आपापलं थोडं थोडं गिळावं लागलं असं कळलं. बिल निघालं, पूर्ण नाही.

राहिला मूळ दुखण्याचा भाग. पासवर्ड अगदी बरोबर असूनही प्रोग्राम 'पासवर्ड चुकीचा' म्हणत होता. पूर्वी प्रोग्राम तुमचं नाव आणि पासवर्ड सरळ सर्व्हरला सांगायचा. आता मोठ्या कंपन्यांनी ती पद्धत बंद केली आहे. गुगलनं वैयक्तिक खात्यांसाठी ती ३० मे २०२२ पासून थांबवली, मायक्रोसॉफ्टनं हॉटमेल आणि आउटलुक डॉट कॉमच्या खात्यांसाठी १६ सप्टेंबर २०२४ पासून. नव्या पद्धतीत प्रोग्राम तुमच्यापुढं कंपनीचंच लॉगिनचं पान उघडतो, तिथं तुम्ही पासवर्ड देता आणि प्रोग्रामला फक्त एक परवाना मिळतो. वखारीची किल्ली हमालाच्या हाती न देता त्याला गेटपास द्यावा, तसं. हिला ओऑथ म्हणतात. खात्याच्या सेटिंगमध्ये ऑथेंटिकेशनच्या जागी 'नॉर्मल पासवर्ड' असेल तिथं 'ओऑथ-२' निवडायचं. येणाऱ्या मेलसाठी वेगळं आणि जाणाऱ्या मेलसाठी वेगळं, दोन्हीकडे. मेल येतात पण जात नाहीत, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांनी बहुधा दुसरीकडे बदललेलं नसतं. थंडरबर्डमध्ये कुकीज बंद केलेल्या असतील, तर गुगलचं ते लॉगिनच पुरं होत नाही, हेही लक्षात ठेवा. प्रोग्राम फारच जुना असेल आणि ओऑथ जाणतच नसेल, तर गुगलच्या खात्यात दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करून सोळा अक्षरांचा ॲप पासवर्ड काढता येतो. तो चालतो, पण मी त्याला तात्पुरती पट्टी समजतो.

अपडेटनंतर मेल अडण्याची आणखी काही कारणं आहेत. सर्व्हरशी बोलताना बोलणं गुप्त ठेवण्याची जी भाषा आहे, टीएलएस, तिच्या पहिल्या दोन आवृत्त्या १९९९ आणि २००६ च्या. थंडरबर्डनं २०२० मध्ये ७८ व्या आवृत्तीत त्या बंद केल्या. एखाद्या संस्थेचा सर्व्हर जुनाच राहिला असेल, तर अपडेट होताच जोडणी तुटते. दोष सर्व्हरचा, शिव्या प्रोग्रामला. प्रोग्रामच्या आतल्या सेटिंगमध्ये जुनी भाषा पुन्हा चालू करता येते, पण ते दार उघडं ठेवून झोपण्यासारखं आहे. सर्व्हरवाल्याला फोन करणं बरं. अँटिव्हायरसही मध्ये बसून प्रत्येक मेल तपासायला जातो आणि नव्या प्रोग्रामला तो मधला माणूस चोर वाटतो. जुनी ॲड-ऑन तर थंडरबर्डच्या त्याच आवृत्तीत मोठ्या संख्येनं निकामी झाली. शिफ्टचं बटण दाबून धरून थंडरबर्ड उघडला, किंवा कंट्रोल दाबून धरून आउटलुक उघडला, तर तो जोडकामाशिवाय साध्या रूपात उघडतो. तसा नीट चालला, तर बिघाड जोडकामात.

आणि घड्याळ! नांदेडच्या एका दवाखान्यात मी दोन तास सेटिंग तपासली आणि शेवटी खाली कोपऱ्यात पाहिलं, तर तारीख कित्येक वर्षं मागची. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला, त्यामुळं लाइट गेली की कॉम्प्युटर जुन्या काळात जायचा. सर्व्हरचं ओळखपत्र या तारखेला अजून लागूच झालेलं नाही, असं म्हणून प्रोग्राम जोडणी नाकारायचा. पन्नास रुपयांच्या आतला सेल. आता मी कुठंही गेलो की आधी तारीख पाहतो.

एक गोष्ट मराठीपुरती. नव्या प्रोग्राममध्ये जुने मराठी मेल इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन दिसले, तर तेही गेले असं समजू नका. युनिकोड रुळण्याआधी आपण श्रीलिपीसारखे फॉन्ट वापरत होतो. त्यात आत साठवलेली अक्षरं इंग्रजीच्याच क्रमांकांची असत, फॉन्ट फक्त त्यांना मराठी चेहरा देई. फॉन्ट परत टाकला की चेहरा परत येतो. युनिकोडमध्ये बदलून देणारे प्रोग्रामही मिळतात.

निघताना मुनीमजींनी विचारलं, पुन्हा असं झालं तर? मी खातं आयमॅपवर घेऊन दिलं, जुनं टपाल वर्षावार लावून दिलं आणि एक बाहेरची डिस्क घ्यायला सांगितली. दर महिन्याला एकदा प्रोग्राम बंद करायचा आणि ते अख्खं प्रोफाइल तिच्यावर उतरवायचं. प्रोग्राम चालू असताना कॉपी केली, तर ती अर्धवट होऊ शकते. अपडेट बंदच करून टाकू का, असंही ते म्हणाले. नको, म्हटलं. फक्त कामाच्या घाईत करू नका. अपडेटच्या आधी नक्कल, मग अपडेट. मुनीमजींनी नकलेसाठी अमावस्या निवडली. त्या दिवशी त्यांच्याकडे सौदे नसतात, कचेरी निवांत असते.

पुढं काही महिने ते फोनवर आठवणीनं कळवायचे, सर, उतरवलं. मार्गशीर्षातल्या अमावस्येला फोन आला, तेव्हा मागं पोरासोरांचा कालवा ऐकू येत होता. "सर, आज येळवस. सगळे शेतात आलोय. भज्जी, आंबील, उंडे, सगळं हाय. या की तुम्ही. आन् ती कापी उद्या केली तर चालंल का?"

चालंल, म्हटलं.